बाप्पा सुजलेत का? लिनक्सवर मॉनिटरचं चित्र ताळ्यावर कसं आणायचं

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ला मिळणारे मोफत अपडेट बंद झाले. आमच्या इंदूरच्या गोतावळ्यात निम्म्या घरांत असे कंप्यूटर निघाले, जे अजून धडधाकट होते पण विंडोज ११ त्यांना दारात उभं करीना. रामबागेतल्या नानाकाकांचा त्यांपैकीच एक. मी त्यावर लिनक्स मिंट टाकून दिलं, म्हणजे विंडोजच्या जागी कंप्यूटर चालवणारी मोफत व्यवस्था. काकूंनी हौसेने खजराण्याच्या गणपतीचा फोटो पडद्यावर मागे लावला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला, "अरे, बाप्पा सुजल्यासारखे दिसतायत. काही चुकलं का रे?"

बाप्पांचं काही चुकलं नव्हतं. नानांचा मॉनिटर १६:९ आकाराचा आणि कंप्यूटर त्यावर १०२४×७६८चं, म्हणजे ४:३ आकाराचं चित्र ताणून बसवत होता. रुंदीला थेट एक तृतीयांश जास्तीची भर. त्यात फक्त गणपतीच नाही, फोल्डरही लठ्ठ दिसतात, पण फोल्डरकडे कोण बघतं!

ते नीट करायला मला तीन रविवार आणि एक फुकट गेलेलं ग्राफिक्स कार्ड लागलं. कारण मी सगळं उलट्या क्रमाने केलं: आधी इंटरनेटवरून उचललेल्या आज्ञा, मग कार्ड, मग ड्रायव्हर (ग्राफिक्स चिपकडून काम करून घेणारा प्रोग्रॅम) आणि सगळ्यात शेवटी केबल. तुम्ही खालच्या क्रमाने जा. बहुतेकांचं काम चौथ्या पायरीपर्यंत उरकतं.

एक खुलासा. मी राहतो सुदामानगरला. संध्याकाळी राजवाड्याची गर्दी कापत रामबागेत जाण्यापेक्षा फोनवर सांगणं परवडतं, म्हणून या लेखातल्या आज्ञा फोनवर सांगतात तशाच, अक्षरं बोलून लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लिपीत आणि इंग्रजी आकड्यांत करायच्या. 'मोठं अक्षर' असं म्हटलं नसेल तिथे सगळी अक्षरं लहान. 'जागा' म्हटलं की स्पेसबार.

हाताशी काय हवं

एक जास्तीची केबल, शेजाऱ्याकडून आणलेली चालेल. दुसरा मॉनिटर किंवा टीव्ही, तपासण्यापुरता. ज्या पेनड्राइव्हवरून लिनक्स टाकलं ती पेनड्राइव्ह, अजून पुसली नसेल तर. कंप्यूटरचा पासवर्ड, कारण तो बरोबर दोन जणांनाच माहीत असतो आणि दोघंही त्या वेळी घरी नसतात. मॉनिटरच्या पाठीमागच्या स्टिकरचा फोटो. कागद-पेन. आणि मोबाइल, कारण पडदा काळा झाला की हा लेख तिथेच वाचायचा आहे.

१. आधी नुसतं बघा

दुखणं कुठलं ते ठरवल्याशिवाय कशालाही हात लावू नका. सगळं मोठं, फुगलेलं, रुंद दिसतंय तर रेझोल्यूशन, म्हणजे चित्रातल्या आडव्या-उभ्या ठिपक्यांचा आकडा, चुकलंय. चारही कडा कापल्या गेल्यात, खालची पट्टी अर्धीच दिसते, तर तुम्ही बहुधा टीव्हीला जोडलंय. सरळ दहावी पायरी गाठा. अक्षरं सावली पडल्यासारखी धूसर आहेत तर दुसरी आणि तिसरी पायरी. रात्री पडदा पिवळा पडतो आणि सकाळी बरा होतो, तर तो बिघाड नव्हे, नाइट लाइट नावाची सोय कुणीतरी चालू केली आहे. सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. या पिवळेपणापायी मॉनिटर दुकानात नेलेले एक गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत.

पेनड्राइव्ह असेल तर एक चाचणी आत्ताच करून टाका. तिच्यावरून कंप्यूटर सुरू करा, काही इन्स्टॉल न करता. तिथे चित्र नीट असेल तर मॉनिटर आणि केबल सुटले, दोष तुमच्या डिस्कवरच्या सेटिंगमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये आहे. तिथेही बाप्पा सुजलेलेच असतील तर संशय केबलवर.

२. मॉनिटरचा खरा आकडा

प्रत्येक सपाट मॉनिटरला एकच रेझोल्यूशन मनापासून मानवतं, कारण काचेमागे तेवढेच ठिपके असतात. बाकी कुठलंही दिलं तर तो ओढूनताणून बसवतो आणि अक्षरं धूसर होतात. घराघरांत दिसणारे साडेअठरा इंची मॉनिटर बहुतेक १३६६×७६८चे, साडेएकोणीस इंची १६००×९००चे, साडेएकवीस-बावीस इंची १९२०×१०८०चे असतात. पक्कं करायचं तर पाठीमागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर शोधून बघा. जुने चौकोनी मॉनिटर १२८०×१०२४चे असतात आणि तो आकार ना ४:३ ना १६:९, सरळ ५:४ आहे. तिथे भलताच आकडा दिला तर बाप्पा उंचही होऊ शकतात.

हा आकडा कागदावर लिहून ठेवा. पुढे सगळीकडे लागणार आहे.

३. केबल

इथे थोडं थांबा. माझे तीन रविवार इथे वाचले असते.

मॉनिटर आणि कंप्यूटर जोडले की मॉनिटर आपली ओळख सांगतो: मी अमुक कंपनीचा, मला अमुक रेझोल्यूशन चालतं. या ओळखपत्राचं नाव ईडीआयडी. मूळ ओळखपत्र फक्त १२८ बाइटचं असतं. पण ते पोचलंच नाही तर कंप्यूटरला समोर कोण आहे ते कळत नाही. मग लिनक्स सावधपणे १०२४×७६८च्या वर जात नाही, न जाणो समोरच्याला झेपलं नाही तर. नानांकडे नेमकं हेच झालं होतं. सेटिंगमध्ये मॉनिटरच्या नावाच्या जागी 'अननोन डिस्प्ले' असं लिहून येत होतं, मी ते तीन रविवार डोळ्यांनी वाचत होतो आणि त्याचा अर्थ लावत नव्हतो.

निळ्या डोक्याची जुनी केबल म्हणजे व्हीजीए. १९८७पासूनची. तिच्या डोक्यात पाच-पाचच्या तीन ओळींत पंधरा पिनांची जागा असते. ओळखपत्र जातं ते खालच्या ओळीतल्या १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून. केबल काढा, स्क्रू आधी सैल करून, आणि उजेडात तिच्या तोंडात बघा. रुंद बाजू वर धरली की खालच्या ओळीत डावीकडून दुसरी पिन बारावी आणि शेवटची पंधरावी. मधल्या ओळीतली ९ नंबरची पिन कित्येक केबलींत नसतेच, त्याने घाबरू नका. ११ नसली तरी चालतं. १२ किंवा १५ वाकलेली असेल तर शिवणकामाच्या सुईने अलगद सरळ करता येते. नानांच्या केबलीत पंधरावी पिन आत ढकलली जाऊन आडवी झाली होती. टेबल भिंतीला लावताना कधीतरी कुणीतरी रेटलं असणार. काकू म्हणाल्या, नानांनीच. नाना काही बोलले नाहीत.

पिना सगळ्या जागेवर असल्या तरी स्वस्त केबलीत आतली तारच जोडलेली नसते, ते बाहेरून कळायला मार्ग नाही. म्हणून दुसरी केबल लावून बघणं हीच खरी परीक्षा. आरएनटी मार्गावर किंवा जेल रोडला केबल घ्यायला गेलात तर तिथेच लावून दाखवायला सांगा.

कंप्यूटर आणि मॉनिटर दोघांनाही एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट असेल तर व्हीजीए काढून टाका, वाद संपला. एकीकडे एचडीएमआय आणि दुसरीकडे व्हीजीए असेल तर मध्ये रूपांतर करणारा चिप असलेला कन्व्हर्टर लागतो, कारण एक डिजिटल आणि दुसरा अॅनालॉग. दोन्ही टोकं नुसती तारेने जोडलेली स्वस्त केबल मिळते, ती कुठल्याच कामाची नाही. शिवाय कन्व्हर्टरला दिशा असते: एचडीएमआयकडून व्हीजीएकडे जाणारा उलटा लावून चालत नाही.

व्हीजीएवरच राहायचं असेल आणि चित्र एका बाजूला सरकलेलं किंवा किंचित थरथरणारं असेल तर मॉनिटरवरचं 'ऑटो' बटण दाबा. निम्म्या वेळा तेवढ्याने भागतं.

आता ते ग्राफिक्स कार्ड. बाजारातल्या एका दुकानदाराने फोनवर लक्षणं ऐकूनच निकाल दिला, "भिया, कार्ड गया।" मी जुनं कार्ड विकत घेतलं, बसवलं आणि मॉनिटरची केबल मात्र होती तिथेच, मदरबोर्डच्या पोर्टात ठेवली. काहीच बदललं नाही, बदलणार कसं? वेगळं कार्ड असेल तर केबल कार्डच्याच पोर्टात हवी. कॅबिनेटच्या मागे आडव्या फटींच्या पट्टीत जे पोर्ट दिसतात ते कार्डचे. यूएसबी आणि नेटच्या शेजारी उभ्या गर्दीत असतात ते मदरबोर्डचे.

४. सेटिंगमधून

मिंटमध्ये मेनू, मग प्रेफरन्सेस, मग डिस्प्ले. उबुंटू या दुसऱ्या लिनक्समध्ये सेटिंग्ज, मग डिस्प्लेज. रेझोल्यूशनच्या यादीतून कागदावरचा आकडा निवडा आणि अप्लाय करा. पडद्यावर प्रश्न येईल, हे बदल ठेवायचे का? उबुंटू वीस सेकंद वाट बघतं आणि उत्तर नाही आलं तर मागच्या ठिकाणी परत जातं. म्हणजे पडदा काळा झाला तर काही दाबू नका, हात मागे घ्या. घाईत एंटर दाबणारे इथे फसतात, कारण न दिसणाऱ्या प्रश्नाला ते 'हो' म्हणून बसतात.

रिफ्रेश रेट, म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने उमटतं तो आकडा, ६० हर्ट्झच्या आसपास असू द्या. फोर-के मॉनिटर जुन्या एचडीएमआय १.४ पोर्टवर ३० हर्ट्झच देतो आणि माउस तुटकतुटक चालतो. तिथे एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट लागतो, सेटिंगने काही होत नाही.

आता घरातल्या ज्येष्ठांसाठी खास सापळा. रेझोल्यूशन बरोबर बसलं की अक्षरं बारीक होतात. नानांनी दुसऱ्याच दिवशी "आधीचंच बरं होतं" म्हणत परत १०२४ केलं. असं करू नका. रेझोल्यूशन खरं तेच ठेवा आणि अक्षरं वाढवा: मिंटमध्ये फॉन्ट सिलेक्शनमध्ये टेक्स्ट स्केलिंगचा आकडा १.२ किंवा १.३ करा, उबुंटूमध्ये अॅक्सेसिबिलिटीत 'लार्ज टेक्स्ट' चालू करा. पडदाच १२५ किंवा १५० टक्के मोठा करायचाही पर्याय असतो, त्याला फ्रॅक्शनल स्केलिंग म्हणतात, पण जुन्या मशीनवर तो जड जातो. आधी फॉन्ट वाढवून बघा.

५. ड्रायव्हर बघा, आणि आपलीच जुनी चूक

केबल बदलली, यादीत आकडा नाहीच. मग टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडा: कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकदम. लिहा: आय, एन, एक्स, आय, मग जागा, आडवी रेघ, मोठं जी. एंटर. या आज्ञेचं नाव इन्क्सी. मिंटमध्ये ती आधीपासून असते, उबुंटूत नसली तर ती कशी टाकायची हे टर्मिनलच सांगतं.

जे येईल त्यात तीन गोष्टी शोधा. 'ड्रायव्हर'पुढे काय आहे: इंटेलला आय९१५, एएमडीला एएमडीजीपीयू किंवा रेडिऑन, एनव्हिडियाला नूवो किंवा एनव्हिडिया असं असलं तर ठीक. 'डिस्प्ले'पुढे एक्स११ आहे की वेलँड, ते लिहून ठेवा, पुढच्या पायरीत लागेल. आणि 'रेंडरर'. तिथे एलएलव्हीएमपाइप असं दिसलं तर ग्राफिक्स चिप बसून आहे आणि चित्र काढण्याचं काम प्रोसेसर एकटा ओढतोय.

तसं असेल तर पहिला संशय नोमोडसेटवर (एन, ओ, एम, ओ, डी, ई, एस, ई, टी) घ्या. लिनक्स टाकताना पडदा काळा राहिला म्हणून कुणीतरी हा शब्द बूटच्या ओळीत, म्हणजे सुरू होताना कंप्यूटर वाचतो त्या ओळीत, घातला असतो आणि मग तो तिथेच राहतो. तो लिनक्सला सांगतो की ग्राफिक्स ड्रायव्हरच्या वाटेला जाऊ नकोस. अडचणीच्या वेळी उपयोगी, कायमचा ठेवला तर तुमचा कंप्यूटर कमी रेझोल्यूशनवर अडकतो. केबल बदलल्यावरही नानांचं चित्र नीट होईना तेव्हा सापडलं हेच. घातला कोणी होता? मीच, पहिल्या रविवारी.

तपासायला लिहा: कॅट, म्हणजे सी, ए, टी, मग जागा, तिरकी रेघ, प्रोक, तिरकी रेघ, सीएमडीलाइन. प्रोक म्हणजे पी, आर, ओ, सी. तिरकी रेघ ही प्रश्नचिन्हाच्या बटणावरची. उत्तरात नोमोडसेट दिसला तर ग्रबची, म्हणजे सुरुवातीला लिनक्सला उठवणाऱ्या प्रोग्रॅमची, फाइल उघडा: सुडो (एस, यू, डी, ओ), जागा, नॅनो (एन, ए, एन, ओ), जागा, तिरकी रेघ, ईटीसी, तिरकी रेघ, डिफॉल्ट, तिरकी रेघ, ग्रब. पासवर्ड विचारेल; टाइप करताना ठिपकेही उमटत नसले तरी तो घेतला जातोय. 'क्वाएट स्प्लॅश' असं लिहिलेल्या ओळीतून फक्त तो शब्द काढा, अवतरणचिन्हं राहू द्या. कंट्रोल ओ, एंटर, कंट्रोल एक्स. मग सुडो, जागा, आणि पुढचं सगळं जोडून: अपडेट, आडवी रेघ, ग्रब. कंप्यूटर परत सुरू करा. ही अपडेट-ग्रबची पायरी विसरली की फाइल बदलूनही काही बदलत नाही.

एनव्हिडियाचं कार्ड असेल तर मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजर आणि उबुंटूत अॅडिशनल ड्रायव्हर्स उघडून 'रेकमेंडेड' लिहिलेला ड्रायव्हर घ्या. कंपनीच्या वेबसाइटवरून फाइल उतरवून बसवू नका, पुढच्या अपडेटला ती बहुतेक मोडते. सिक्युअर बूट (अनोळखी प्रोग्रॅमना सुरुवातीलाच अडवणारी सोय) चालू असेल तर हा ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला लावतात आणि परत सुरू होताना निळा पडदा येतो. तिथे 'एन्रोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा. 'कंटिन्यू' दाबून पुढे गेलात तर ड्रायव्हर टाकूनही चालत नाही आणि कारण शोधत बसावं लागतं.

६. एक्स११ की वेलँड

पडद्यावर चित्र मांडणारी व्यवस्था लिनक्सवर दोन प्रकारची आहे. एक्स (एक्स११ म्हणजे हीच) १९८४पासूनची, वेलँड २००८मध्ये सुरू झालेली. नवख्याला यातला फरक एवढ्याचसाठी कळायला हवा की इंटरनेटवरच्या निम्म्याहून जास्त जुन्या उपायांत एक्सरँडर नावाची आज्ञा असते आणि ती वेलँडवर रेझोल्यूशन बदलत नाही. आज्ञा चालल्यासारखी वाटते, यादीही येते, फक्त चित्र जागचं हलत नाही. माझा आणखी एक रविवार भाच्याच्या उबुंटूवर असाच गेला.

मिंटच्या सिनॅमन या नेहमीच्या रूपात आपोआप एक्सच असतो, तुम्हाला काही करायचं नाही. उबुंटूत वेलँड असतो. २४.०४मध्ये लॉगिनच्या पडद्यावर नाव निवडलं की खाली कोपऱ्यात दातेरी चाक येतं, त्यातून 'उबुंटू ऑन झॉर्ग' (झॉर्ग म्हणजे एक्सच) निवडता येतं. २५.१०पासून हा पर्याय काढून टाकला आहे. तिथे आठव्या पायरीच्या शेवटी दिलेला रस्ता धरा.

७. आकडा यादीतच नसेल तर

केबल चांगली, ड्रायव्हर बरोबर, तरीही आकडा नाही, असं क्वचित होतं. जुने कन्व्हर्टर आणि दोन मॉनिटरांना एक चित्र वाटून देणारे डबे ओळखपत्र गिळून टाकतात, तिथे ही पायरी लागते.

टर्मिनलमध्ये नुसतं एक्सरँडर लिहा: एक्स, आर, ए, एन, डी, आर. ज्या नावापुढे 'कनेक्टेड' आहे ते पोर्टचं नाव, जसं व्हीजीए-१ किंवा एचडीएमआय-१. मोठी अक्षरं मोठीच, आडवी रेघ आहे तशी टिपून घ्या. यादीत ज्या आकड्याजवळ तारा आहे तो सध्याचा, अधिकचं चिन्ह आहे तो मॉनिटरच्या पसंतीचा. अधिकचं चिन्ह कुठेच नसेल तर ओळखपत्र आलेलं नाही, आणि मी अजूनही म्हणेन की आधी केबल बदला.

नाहीच तर: सी, व्ही, टी, जागा, १९२०, जागा, १०८०. दोन ओळी येतात. दुसरी 'मोडलाइन'ने सुरू होते आणि तिच्यात अवतरणचिन्हांतल्या नावानंतर १७३.०० पासून आकड्यांची माळ असते. हा १७३ म्हणजे सेकंदाला १७ कोटी ३० लाख ठिपके. आता गंमत अशी की डीव्हीआय या जुन्या प्रकारच्या साध्या केबलीची मर्यादा १६५ आहे, म्हणजे ही माळ तिला झेपत नाही आणि पडदा काळा होतो. उपाय सोपा: सीव्हीटीनंतर जागा, आडवी रेघ, आर, मग जागा आणि तेच दोन आकडे. आता सुरुवात १३८.५० ने होते. मॉनिटर सपाट असेल तर हीच माळ घ्या, लेचेपेचे कन्व्हर्टरही हिला पेलतात. १३६६ मागितलं तर सीव्हीटी १३६८ देतं, कारण त्याला आठने भाग जाणारा आकडा लागतो. दोन ठिपक्यांचा फरक आहे, चालवून घ्या.

मग तीन आज्ञा. मोडचं नाव काहीही ठेवता येतं, आम्ही 'नाना' ठेवलं, एन, ए, एन, ए.

पहिली: एक्सरँडर, जागा, दोन आडव्या रेघा आणि त्यांना चिकटून न्यूमोड, जागा, नाना, जागा, आणि पुढे ती आकड्यांची माळ, शेवटच्या एचसिंक-व्हीसिंकसह, कॉपी-पेस्ट करून.

दुसरी: एक्सरँडर, जागा, दोन रेघा अॅडमोड, जागा, पोर्टचं नाव, जागा, नाना.

तिसरी: एक्सरँडर, जागा, दोन रेघा आउटपुट, जागा, पोर्टचं नाव, जागा, दोन रेघा मोड, जागा, नाना. एंटर दाबू नका! तिच्याच पुढे अर्धविराम, जागा, स्लीप, जागा, २०, अर्धविराम, जागा, आणि परत एक्सरँडर, दोन रेघा आउटपुट, पोर्टचं नाव, दोन रेघा मोड, आणि यादीत तारा होता तो जुना आकडा जसाच्या तसा, मधल्या जागांसकट. आता एंटर. चित्र आलं नाही तरी वीस सेकंदांत जुनं परत येतं. चित्र नीट आलं तर वीस सेकंद कौतुकाने बघा आणि मग तिसरी आज्ञा शेपटाशिवाय द्या.

एनव्हिडियाच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर ही युक्ती सहसा चालत नाही.

८. परत सुरू केल्यावरही टिकावं म्हणून

एक्सरँडरने केलेलं सगळं लॉगआउट होताच पुसलं जातं. त्यातच त्याची सुरक्षितताही आहे. टिकवायचं तर आपल्या होम फोल्डरमध्ये एक फाइल करा, नाव: टिंब, आणि त्याला चिकटून एक्सप्रोफाइल, एक्स, पी, आर, ओ, एफ, आय, एल, ई. तिन्ही आज्ञा तीन ओळींत, शेपूट न लावता, तिच्यात ठेवा. नावाच्या सुरुवातीला टिंब असल्याने फाइल दिसत नाही. कंट्रोल एच दाबलं की दिसते.

वेलँडवर असाल तर ग्रबच्या त्याच फाइलमध्ये, 'स्प्लॅश'नंतर एक जागा सोडून, पुढचं सगळं चिकटवून लिहा: व्हिडिओ, बरोबरचं चिन्ह, पोर्टचं नाव, विसर्गासारखी दोन टिंबं, १९२०, एक्स, १०८०, ई-मेलमधलं अॅट, ६०. मग अपडेट-ग्रब. इथे पोर्टचं नाव थोडं वेगळं असू शकतं, एचडीएमआय-१च्या जागी एचडीएमआय-ए-१. खरं नाव सिस, क्लास, डीआरएम या एकात एक फोल्डरांत दिसतं.

९. पडदा काळा झाला तर

मॉनिटरचा दिवा बघा. 'नो सिग्नल' लिहून येत असेल तर मॉनिटरवरच्या बटणाने सोर्स बदला. व्हीजीए लावून मॉनिटर एचडीएमआयकडे डोळे लावून बसलेला असतो. 'आउट ऑफ रेंज' आलं तर रेझोल्यूशन झेपलेलं नाही.

कंट्रोल, ऑल्ट, एफ३ दाबून काळ्यावर पांढरी अक्षरं आली तर कंप्यूटर जिवंत आहे. तिथे नाव आणि पासवर्ड देऊन जुनी मांडणी पुसता येते: होममधल्या टिंब-कॉन्फिग फोल्डरातली मॉनिटर्स-टिंब-एक्सएमएल ही उबुंटूची, सिनॅमन-मॉनिटर्स-टिंब-एक्सएमएल ही मिंटची. ती काढली की पुढच्या लॉगिनला मांडणी कोरी. एक्सप्रोफाइल केली असेल तर तीही काढा.

तेही जमलं नाही तर सुरू होताना शिफ्ट दाबून धरा, नव्या मशीनवर एस्केप, म्हणजे ग्रबची यादी येते. ई दाबा, लिनक्स शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी जागा सोडून नोमोडसेट लिहा आणि एफ१० दाबा. हे फक्त त्या एका खेपेपुरतं असतं, म्हणून बिनघोर करा. अपडेटनंतर बिघडलं असेल तर त्याच यादीतल्या 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून आधीचा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, निवडून बघा.

१०. टीव्ही आणि दोन पडदे

टीव्हीवर कडा कापल्या जातात कारण टीव्ही चित्र थोडं फुगवून दाखवतो, ही जुन्या प्रक्षेपणाच्या काळातली सवय. ती टीव्हीच्याच मेनूत मोडायची: 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट', 'फुल पिक्सेल' असं काहीतरी चित्राच्या आकाराखाली असतं. कंप्यूटरकडून झटापट करू नका.

दोन पडदे जोडले असतील तर विंडोज बटण आणि पी. 'मिरर' निवडलं की दोघांनाही चालेल अशा रेझोल्यूशनवर दोघंही उतरतात, म्हणजे लॅपटॉप १३६६चा असेल तर तुमचा मोठा टीव्हीही तितकाच. 'जॉइन' निवडा आणि डिस्प्लेच्या सेटिंगमधल्या दोन चौकटी टेबलावर ठेवल्यात तशा डावी-उजवीकडे सरकवा. नाहीतर माउस उजवीकडे नेल्यावर डावीकडून उगवतो.

एवढ्यावरही अडलं तर कुणाला विचारताना इन्क्सीचं सगळं उत्तर, मॉनिटरचा मॉडेल नंबर, कोणत्या पोर्टला कोणती केबल आणि कोणतं लिनक्स, हे पहिल्याच निरोपात द्या. पडद्याचा फोटो काढणार असाल तर मोबाइल आडवा धरा. नाना अजून उभाच धरतात, आणि मला अर्धे बाप्पा येतात.